माझी रिअर पार्टी कॉलेजला गेली

घरातलं धाकटं पोर शिकायला बाहेर पडलं की आमच्या माणदेशात दोन वाक्यं ठरलेली असतात. आईबापाला म्हणतात, "आता घर खायाला उठंल." आणि थोरल्या भावाला म्हणतात, "तू हाईस म्हणून पोरगी शिकतीया." म्हणजे दुःख आईबापाच्या नावावर आणि श्रेय थोरल्याच्या. थोरला फौजेत असला तर बघायलाच नको. भाऊ बॉर्डरवर आणि बहीण कॉलेजात, असा फोटो गावातल्या सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतो, खाली हात जोडलेल्यांची रांग.

माझी धाकटी बहीण नोव्हेंबरात उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात गेली, तेव्हा आमच्या दारातही ही दोन्ही वाक्यं येऊन गेली. त्याला आता तीन महिने झाले. सध्या मी अरुणाचलात आहे (नेमकं कुठं ते लिहीत नाही, नेहमीच्या वाचकांना त्याची सवय आहे) आणि इथं रात्रीच्या ड्यूटीला विचार करायला वेळ भरपूर असतो. त्या दुसऱ्या वाक्याचा मी बराच विचार केला. ते खोटं आहे असं माझं मत झालं आहे. भाऊ होता म्हणून बहीण शिकली, हे फार तर चार आणे खरं. बहीण घरी होती म्हणून भाऊ जवळपास दहा वर्षं बिनघोर नोकरी करू शकला, हे बारा आणे खरं. हिशोब उलटा मांडला गेल्यामुळं धाकटं निघून गेल्यावर आपल्याला नेमकं काय होतंय हे थोरल्याला कळतच नाही, आणि मग ते भलत्याच वाटेनं बाहेर पडतं. त्या वाटेबद्दल पुढं लिहितो.

फौजेबाहेरच्या वाचकांसाठी आधी एक शब्द समजावतो. युनिट एका ठिकाणाहून दुसरीकडं हलतं तेव्हा सगळे एकदम जात नाहीत. आधी ॲडव्हान्स पार्टी जाते, नवी जागा बघते, ताबा घेते. मग मुख्य युनिट. आणि शेवटी मागं राहते ती रिअर पार्टी. खाटा, पंखे, भांडी मोजून येणाऱ्या युनिटच्या हवाली करायची, राहिलेली बिलं आणि कागद निस्तरायचे, कुणाची ट्रंक मागं राहिली असेल तर ती पुढं धाडायची. रिअर पार्टीत नाव लागलं की कुणाला आनंद होत नाही. तिकडं नव्या ठिकाणी बडाखाना चालू असतो आणि इकडं रिकाम्या बॅरेकीत आठ-दहा जण खिचडी खात बसलेले असतात. पण ते मागं आहेत म्हणून बाकीचं युनिट मागं वळून न बघता निघू शकतं.

मी २०१५ साली भरती झालो. तेव्हा धाकटी नऊ वर्षांची होती. त्या दिवसापासून आमच्या घराची रिअर पार्टी ती होती, आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं.

आमचं घर माण तालुक्यातलं. थोडी जिराईत जमीन, दोन-तीन जनावरं, दहा-पंधरा शेळ्या. बापूंना साखरेचा त्रास, आईला अक्षरओळख बेताची. मी गेल्यावर घरात लिहिता-वाचता येणारं माणूस म्हणजे चौथीतली पोरगी. बँकेची स्लिप भरायची तीच, औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायची तीच. २०१९ च्या उन्हाळ्यात जनावरं छावणीत होती. आई जनावरांपाशी, बापू घरी टँकरच्या वाटेकडं डोळे लावून, आणि ही तेरा वर्षांची पोरगी दोन्हीकडं भाकरी पोचवत होती. २०२० च्या टाळेबंदीत मला आठ महिने घरी जाता आलं नाही. बापूंच्या गोळ्या कुठून कशा आणल्या हे मी आजवर विचारलेलं नाही आणि तिनं सांगितलेलं नाही.

पुढं सगळा कारभार मोबाईलवर आला आणि तिचं काम दुप्पट झालं. शहरात राहणाऱ्यांना याची कल्पना नसते. २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली. आपल्या शेतात काय पेरलंय हे शेतकऱ्यानं स्वतः ॲपवर नोंदवायचं, आणि त्यासाठी रानात उभं राहूनच फोटो काढायचा. तो फोटो अरुणाचलातून काढता येत नाही. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये यायचे तर ई-केवायसी पाहिजे. पीक विमा, आयुष्मान कार्ड, गॅसचा नंबर, प्रत्येक ठिकाणी ओटीपी. आई तिला हाक मारायची, "बारके, चार आकडं आलं बघ." आमच्याकडं शेतीतला निम्मा ताण पावसाचा असतो आणि उरलेला या चार आकड्यांचा. हे सगळं तिनं शाळा, मग ज्युनियर कॉलेज सांभाळून केलं. मी दर महिन्याला पैसे पाठवत होतो. पैसे पाठवायला मला दोन मिनिटं लागायची.

एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण फौजी घरांत ती सगळीकडं सारखी आहे. पोरगं पोस्टवर असताना त्याला वाईट बातमी लगेच सांगायची नाही, हा आपल्या घरांचा अलिखित नियम. हेतू चांगलाच असतो. पण बातमी दाबून ठेवायची म्हणजे तोवर ती कुणीतरी एकट्यानं उचलायची. आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन साताऱ्यात झालं तेव्हा धाकटी बारावीत होती. बापू घाबरून जिन्यात बसलेले. कागद भरले तिनं, औषधं आणली तिनं, रात्री कॉटच्या खाली चटई टाकून नीटचं पुस्तक वाचलं तिनं. मला फोन आला तिसऱ्या दिवशी. "दादा, सगळं झालंय, आता आईशी बोल." एवढंच. मी चार हजार मीटरवर उभा राहून आईशी बोललो, मग जाऊन जेवलो आणि झोपलोसुद्धा. झोप लागली, कारण मागं ती होती.

आता मला सांगा, कुणी कुणाला शिकवलं?

ती जनावरांची डॉक्टर व्हायला का निघाली, त्याचंही श्रेय माझ्याकडं येत नाही. २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात महाराष्ट्रात लम्पी पसरला. जनावरांचे बाजार बंद झाले, आदल्या डिसेंबरात सुप्रीम कोर्टानं परवानगी दिलेल्या बैलगाडा शर्यतीही थांबल्या. सरकारनं फुकट लस टोचली, ती मूळची शेळ्यांच्या देवीवरची. आमच्या खिल्लार खोंडाच्या अंगावर लस यायच्या आधीच गाठी उठल्या. डॉक्टर यायचे, पण त्यांच्यामागं गावं किती! मधल्या वेळात ही सोळा वर्षांची पोरगी लिंबाचा पाला उकळून जखमा धुवायची, माश्या बसू नयेत म्हणून गोठ्यात धूर करायची आणि खोंडाच्या तोंडाशी हातानं वैरण धरायची. खोंड वाचला. शेजारची गाय गेली. तिनं त्या दोन्ही जनावरांच्या नोंदी वहीत लिहून ठेवल्या होत्या, ताप किती, खाल्लं किती, गाठी कुठं फुटल्या. दिवाळीत मी सुट्टीवर गेलो तेव्हा ती वही माझ्यापुढं टाकली आणि म्हणाली, "मला ह्यातलंच शिकायचंय." मी म्हटलं, शिक. माझा वाटा एवढाच.

आता पैशाचं. घरचे आणि गावचे लोक धरून चालतात की फौजी भावाला बहिणीच्या शिक्षणाचं सरकारकडून काहीतरी मिळत असणार. तसं काही नाही. आम्हाला बाल शिक्षण भत्ता मिळतो तो स्वतःच्या मुलांसाठी, तोही पहिल्या दोन अपत्यांसाठी, बारावीपर्यंत. पूर्वी महिन्याला २,२५० रुपये होता, जानेवारी २०२४ पासून २,८१२ रुपये ५० पैसे झाला. भावंडं त्यात बसत नाहीत. याबद्दल माझी तक्रार नाही, भत्त्याला कुठंतरी रेघ मारावीच लागते. मी तिचा बाप नाही हे त्या कागदाला बरोबर ठाऊक आहे. गावालाच ठाऊक नाही.

दुसरी गंमत त्याहून मोठी. जुलै २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिकवणी आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. आमची धाकटी त्यात बसली. घरात आनंद झाला. मलाही झाला, पण खरं सांगतो, त्या आनंदाच्या खाली कुठंतरी एक बारीक कळही होती. चार वर्षं मी तिच्या फीसाठी वेगळे पैसे बाजूला टाकत होतो. फी भरणारा भाऊ ही माझी घरातली जागा होती, ती एका शासन निर्णयानं गेली. आता मी मेस आणि खोलीचे पैसे पाठवतो, अधूनमधून पुस्तकांचे. तेवढ्यानं ग्रुपवर फोटो फिरवण्याजोगं काही होत नाही.

हीच ती कळ, जी भलत्या वाटेनं बाहेर पडते असं मी वर म्हटलं. आमच्या युनिटमध्ये सगळ्या प्रांतांची पोरं आहेत आणि निम्म्यांच्या घरात कुणीतरी धाकटं शिकतंय, त्यामुळं लंगरच्या रांगेत हा विषय रोजचा. एक जण आहे बिहारचा. त्याचा भाऊ दोन वर्षं कोट्याला कोचिंगमध्ये होता. दर टेस्टचे मार्क त्या पोरानं रात्री नऊच्या आत थोरल्याला पाठवायचे. मार्क पडले की हा इथून अर्धा तास बोलायचा, आणि बोलण्यात एक वाक्य हमखास, "मैं यहाँ बर्फ़ में खड़ा हूँ, किसके लिए?" मला ते वाक्य ऐकून दर वेळी पोटात गोळा यायचा. २०२३ साली एकट्या कोट्यात वीसहून जास्त विद्यार्थ्यांनी जीव दिला. त्या ऑगस्टमध्ये तिथल्या जिल्हा प्रशासनानं हॉस्टेलच्या पंख्यांना स्प्रिंग लावायचा हुकूम काढला. ज्या गावात पंख्याला स्प्रिंग लावायची वेळ येते, तिथल्या सतरा वर्षांच्या पोरावर बर्फातल्या भावाचं ओझं टाकायचं नसतं. बर्फात आपण स्वतःच्या मर्जीनं उभे आहोत. भरतीच्या मैदानावर १६०० मीटर पळताना धाकट्यानं आपल्याला ढकललं नव्हतं.

दुसरा एक दोस्त बहिणीच्या फोनचं लाईव्ह लोकेशन दिवसभर चालू ठेवायला लावतो. ती जयपूरला शिकते. त्याच्या मते ही काळजी. मी त्याला विचारलं, तुझ्या घरच्यांना तुझं लोकेशन माहीत आहे का? तो हसला. माहीत नाही, हुकूम आहे. आपण अठराव्या वर्षी ट्रेनिंग सेंटरच्या गेटातून आत गेलो, तेव्हा महिनोन्‌महिने घरच्यांना रविवारच्या एका फोनाखेरीज आपली काही खबर नव्हती. आपण काय खातो, कुणाशी बोलतो, रात्री रडतो का, काही नाही. त्याच दिवसांत आपण माणूस झालो असं आपण अभिमानानं सांगतो. मग बहिणीला तेवढं एकटं राहायला मिळालं तर ती बिघडेल, हे कुठून आलं? मला वाटतं ते काळजीतून येत नाही. रिअर पार्टी आपल्या हुकमाशिवाय हलली, त्याचा तो राग असतो. फक्त त्याला काळजीचा युनिफॉर्म घातलेला असतो.

सगळेच तसे नाहीत. आमच्यातला एक मल्याळी नाईक आहे, त्याची बहीण मंगळूरला नर्सिंग शिकली आणि आता आखातात नोकरी करते. तिचा पगार याच्यापेक्षा जास्त. सुट्टीवर गेला की ती फोनवरून याला विचारते, "चेट्टा, काही पाहिजे का?" तो हे सगळ्यांना हसून सांगतो. त्याच्यासारखं हसता आलं पाहिजे.

आणि एक गढवाली लान्स नाईक आहे, त्याचं ऐकून मी गप्प झालो. त्याचा धाकटा भाऊ डेहराडूनला कॉलेजात गेला. आई वर्षभरात त्याच्यामागं गेली, स्वयंपाकाला. वडील आधीच नव्हते. पौडी जिल्ह्यातल्या त्यांच्या घराला कुलूप लागलं. पहाडातली गावं अशी रिकामी होत आहेत म्हणून उत्तराखंड सरकारनं २०१७ साली पलायन आयोगच नेमला. हा सुट्टीवर जातो तो आता डेहराडूनच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. तो म्हणाला, "भाई की पढ़ाई का ग़म नहीं है. छुट्टी का फॉर्म भरते समय पता क्या लिखूँ, वह सोचना पड़ता है."

मला जे होत होतं, त्याच्या सगळ्यात जवळचं हे होतं. थोरलं जेव्हा घर सोडतं तेव्हा ते पूर्ण सोडत नाही. मागं कुणीतरी असतं, म्हणून आपण सोडलं तसंच ते घर चालू आहे असं त्याला वाटत राहतं. कुऱ्हाड कुठल्या कोपऱ्यात असते, कुठली शेळी मारकी आहे, बापू हल्ली कुणाशी बोलत नाहीत, हे सगळं सुट्टीत पहिल्या रात्री धाकटीकडून कळायचं. मला वर्षाला ६० दिवस वार्षिक सुट्टी आणि ३० दिवस कॅज्युअल. २०२४ च्या मार्चमध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून तवांगकडून बर्फातही खाली उतरणं सोपं झालंय, तरी गुवाहाटी गाठायची, मग रेल्वेत दोन-अडीच दिवस, मग एसटी. एवढं करून घरी पोचलं की दारात ती असायची. आता पुढच्या सुट्टीत मी जाईन तेव्हा ती नसेल, आणि ती दिवाळीला येईल तेव्हा बहुधा मी नसेन. त्या घरात आता आम्ही दोघंही पाहुणे. मी दहा वर्षांपूर्वी घर सोडलं असं म्हणतो खरं, पण माझं घर खऱ्या अर्थानं सुटलं ते गेल्या नोव्हेंबरात.

हेवा वाटतो का, असं एका वाचकानं मागं दुसऱ्या लेखाखाली विचारलं होतं. थोडा वाटतो. मी बारावी झालो आणि भरतीला उभा राहिलो, कॉलेज बघितलं ते सिनेमात. पंधरा वर्षं नोकरी झाली की आम्हाला पदवीच्या बरोबरीचा दाखला मिळतो, तो मिळेल तेव्हा मिळेल. पण तिनं पहिल्या आठवड्यात फोनवर सांगितलं की शरीररचनेच्या तासाला म्हशीचा सांगाडा पुढं ठेवतात आणि एकेक हाड हातात घेऊन शिकवतात, तेव्हा मला वाटलं, आपणही बसलो असतो त्या बाकावर. पण हा हेवा गोड असतो. त्यानं कुणाचं वाईट होत नाही. राग आणि हेवा यांत थोरल्यानं हेवा निवडावा, असा माझा सल्ला आहे.

इथं नव्या पोरांबद्दल दोन ओळी लिहिल्याच पाहिजेत. धोरणावर मत देणं माझं काम नाही, मी फक्त आकडे मांडतो. अग्निवीराची नोकरी चार वर्षांची, त्यातले चारातले एक कायम होतात. पहिल्या वर्षी महिन्याला ३० हजार, त्यातले हातात २१ हजार. सुट्टी वर्षाला ३० दिवस. आणि धाकटीचा अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचा. म्हणजे आज एखाद्या अग्निवीरानं बहिणीला सांगितलं, "तू शिक, मी आहे," तर त्याची नोकरी तिच्या पदवीच्या आधी संपू शकते. तरी मी बघतो, ही पोरं सगळ्यात आधी धाकट्यांसाठीच पैसे बाजूला टाकतात. आमच्यातल्या एकानं बहिणीला स्वच्छ सांगितलंय, "चार साल का पक्का है, आगे का तू भी सोच के रख." वीस वर्षांचं पोरगं आहे. मला ते आमच्या पिढीच्या "मी आहे ना"पेक्षा जास्त खरं वाटलं. धाकट्याला आधार द्यायचा तर किती आणि कधीपर्यंत, तेही सांगून टाकावं. त्यात प्रेम कमी होत नाही.

तर धाकटी गेली त्याबद्दल. उदगीर आमच्यापासून सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटर, पंढरपूर, सोलापूर, लातूर करत एसटीनं आख्खा दिवस. सोडायला आई आणि बापू दोघंही गेले. २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा बापूंनी हिशोब केला की दोघी मिळून एक माणूस, आणि त्यावर लातूरपर्यंत हसत गेले. लातूरनंतर हसले नाहीत, असं आई म्हणाली.

निघायच्या आदल्या रात्री तिनं मला व्हॉट्सॲपवर अकरा फोटो पाठवले. वहीची अकरा पानं. बापूंच्या गोळ्या, कुठली उपाशीपोटी आणि कुठली जेवल्यावर. गॅस एजन्सीचा नंबर. बँकेच्या पासबुकातली कुठली नोंद तपासायची. कुठली शेळी कधी गाभण गेली आणि कधी विणार. आधारला जोडलेला मोबाईल नंबर कुणाचा. आईचा फोन अडकला तर कुठलं बटण किती वेळ दाबायचं. शेवटच्या पानावर, दारामागच्या खिळ्याला कुठली किल्ली आहे ते. फौजेत आम्ही याला हँडिंग-टेकिंग म्हणतो. एक जण मोजून देतो, दुसरा मोजून घेतो, दोघांच्या सह्या होतात. मी इतक्या हँडिंग-टेकिंग बघितल्या, इतकी चोख एकही नाही. कुठं "माझ्यावाचून कसं होणार" नाही, कुठं "दादा तू लक्ष दे" नाही. नुसती यादी. ताबा माझ्याकडं आला होता.

आता ती आठवड्यातून एक-दोनदा फोन करते, तिला वेळ असेल तेव्हा. मी आपण होऊन रोज करत नाही, ठरवून करत नाही. आमच्या शेजारी खच्चरांची कंपनी आहे हे तिला कळल्यापासून निम्मा फोन खच्चरांवर जातो. खुराला काय लावता, चढावर ओझं किती देता, थंडीत पाणी कोमट देता का. प्रत्येक खच्चराच्या खुरावर नंबर असतो हे सांगितल्यावर तिनं लगेच विचारलं, खूर वाढला की नंबर पुसत नाही का? मी जाऊन विचारून आलो. पुसतो, परत घालतात. तिला पेडोंगीची गोष्टही सांगितली, १९६२ साली फौजेत आलेली आणि ७१ च्या लढाईत शत्रूच्या हाती लागून पाठीवरच्या ओझ्यासकट परत आलेली खच्चर. तिचं पहिलं वाक्य, "पाठीला जखमा झाल्या असतील रे." शौर्याबद्दल एक शब्द नाही. माझी तब्येत कशी आहे हे ती अजून विचारते, पण खच्चरांच्या नंतर.

जानेवारीत रब्बीच्या पीक पाहणीची मुदत आली. मी आईला सांगितलं, शेजारच्या पोराला घेऊन जा. आई म्हणाली, त्याची परीक्षा हाय, मीच जाती. मग सकाळी दहा वाजता तिघांचा फोन जोडला. मी इथं नेटवर्कसाठी चढावरच्या दगडावर, धाकटी उदगीरला कॉलेजच्या व्हरांड्यात तासाला जायच्या आधी, आणि आई शाळवाच्या रानात. ॲप कसं उघडायचं ते धाकटी सांगत होती आणि गट नंबर मी. "आता चार आकडं आलं," आई म्हणाली. "वाच," आम्ही दोघं एकदम म्हणालो. तिनं एकेक आकडा हळू वाचला, बरोबर वाचला. मग फोटो. दोनदा बोट मधे आलं. तिसऱ्यांदा गेला.

संध्याकाळी आईनं तो फोटो मला पाठवला. शाळू थोडासाच दिसतोय, पुढं आईचीच लांब सावली पडली आहे, पदरासकट. धाकटीनं खाली लिहिलं, "चालतंय. पुढच्या वेळी उन्हाकडं तोंड करून उभी राहा." आईनं त्यावर अंगठा पाठवला. अंगठा पाठवायला तिला कुणी शिकवलं ते मला माहीत नाही.